तिरडी बांधणारा देव

सुरुवातीलाच एक तक्रार करतो. निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव छापलंय ‘इजिप्तचा यमराज : अनुबिस’. हे नाव मी दिलेलं नाही. फोनवर मी फक्त ‘अनुबिस’ एवढंच सांगितलं होतं. नुसतं अनुबिस छापलं तर कोण येणार, असं संयोजकांना वाटलं असणार आणि सभागृह बघता त्यांचं फार चुकलं असं म्हणवत नाही. पण आता पंचाईत अशी की तुम्ही आलात यमराजासाठी, आणि मी तासभर हेच सांगणार की अनुबिस यमराज नव्हे.

चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे. माणसाचं पिळदार शरीर, त्यावर काळ्या कोल्ह्याचं डोकं, उभे टोकदार कान. सिनेमांनी आणि व्हिडिओ गेमांनी त्याच्या हाती भाला दिला, मागे भुतांचं सैन्य उभं केलं. माझा भाचा त्याला ‘डेथचा बॉस’ म्हणतो. प्रत्यक्षात तीन हजार वर्षांच्या इजिप्शियन चित्रांत हा देव करतो काय? वाकून काम करतो. कधी मढ्यावर वाकलेला, कधी तराजूशी गुडघे टेकून बसलेला, कधी कुणाचा तरी हात धरून चाललेला. इतर देव सिंहासनावर बसलेले असतात, त्यांच्यासमोर लोक उभे असतात. याला बसायला सवडच नाही.

यम शोधायचाच असेल तर तो ओसायरिसमध्ये सापडतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात म्हटलंय की यमानं आपल्यासाठी पहिल्यांदा ती वाट शोधून काढली. ओसायरिसचंही साधारण तसंच. राज्य करणारा राजा, सख्ख्या भावानं, सेथनं मारला, आणि मग मेलेल्यांचा राजा झाला. हिशेब लिहिणारा चित्रगुप्त हवा असेल तर थॉथ आहे, शराटी म्हणजे आयबिस या लांब, वाकड्या चोचीच्या पक्ष्याचं डोकं असलेला, हातात लेखणी. म्हणून लगेच ‘बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं’ असं घरी जाऊन सांगू नका. राजा आणि कारकून हे कुठल्याही राज्यात असायचेच, मेलेल्यांच्या राज्यातही. मग अनुबिस कोण? आपल्या देवांत त्याचा जोडीदार मला सापडत नाही. माणसांत मात्र सापडतो.

आमच्या आळीत एक काका होते. नाव सांगत नाही, घरची मंडळी अजून तिथंच राहतात. दिवसभर कापडाच्या दुकानात नोकरी. पण कुणाकडे माणूस गेलं की आधी डॉक्टर, मग जवळचे नातेवाईक, आणि तिसरा निरोप या काकांना. ते सायकलवरून यायचे. दोन बांबू, कामट्या, सुंभ, पेंढा, मडकं, पांढरं कापड, यादी तोंडपाठ. अंगणात बसून तिरडी बांधायचे. घरातली माणसं रडत असायची, आणि हे शांतपणे सांगत असायचे, ‘असं नाही, खालून हात घाला. मान सांभाळा.’ पायाचे अंगठे बांधणं, नाकात कापूस घालणं, सगळं तेच करायचे. भटजी मंत्र म्हणायचे ते नंतर. पोराबाळांना पहिल्यांदा मृतदेहाला हात लावायला शिकवलं ते या माणसानं. आणि हेच काका लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारचं पान जरा उशिरा भरायचं. कुणी काही बोलायचं नाही, पण भरायचं उशिराच.

अनुबिस हा त्या काकांचा देव आहे. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप जागेवर बसेल.

आता कोल्ह्याकडे येऊ. इजिप्तचा नकाशा म्हणजे वाळवंटातून गेलेली हिरवी पट्टी. नाईलकाठची काळी गाळाची जमीन शेतीला, आणि जिथं शेत संपतं तिथं लगेच वाळू. पीक देणारी जमीन प्रेतासाठी कोण वाया घालवणार? त्यामुळे पुरायचं ते कडेच्या वाळूत, शक्यतो पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या बाजूला. पिरॅमिडांच्या आधीच्या काळात हे खड्डे उथळ असत. अंग मुडपून, कुशीवर, शेजारी दोन मडकी. वाळू तापलेली आणि कोरडी, शरीरातलं पाणी शोषून घ्यायची, मढं आपोआप सुकायचं. ममीची कल्पना बहुधा तिथूनच आली. आणि त्याच वाळूवर रात्री कोल्हे फिरायचे. उकरायचे. सकाळी जाऊन बघावं तर बापाचा हात बाहेर.

अभ्यासकांचा तर्क असा की ज्याची भीती, त्यालाच राखणीला बसवलं. उकरणाराच जर रखवालदार झाला तर उकरणार कोण? मला हा तर्क पटतो, कारण आपणही हेच करतो. देवीच्या रोगाची भीती वाटली म्हणून आपण त्या रोगालाच ‘देवी’ म्हटलं आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मात्र आपल्या गोष्टींतला लबाड कोल्हा इथं विसरा. द्राक्षं आंबट म्हणणारा हा कोल्हा नव्हे. इजिप्तच्या या कोल्ह्यात लबाडीचा लवलेश नाही. खरं सांगायचं तर तो कोल्हाही नाही. २०१५ साली डीएनए तपासून प्राणिशास्त्रज्ञांनी सांगितलं की आफ्रिकेतला तो ‘सोनेरी कोल्हा’ आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा लांडग्याला जवळचा, वेगळीच जात आहे. देवाला काही फरक पडला नसावा.

तो प्राणी वाळूच्या रंगाचा असतो, पिवळट तपकिरी. देव मात्र कुळकुळीत काळा. का? एक तर राळ आणि तेलं चोपडल्यावर ममीचा रंग काळा पडतो. दुसरं म्हणजे पुरानंतर शेतात साचणारा गाळ काळा, आणि इजिप्शियन लोक स्वतःच्या देशालाच ‘केमेत’, काळी भूमी, म्हणायचे. ज्यात बी रुजतं तो रंग. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला काळी म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. त्यांच्याकडे काळा रंग सुतकाचा नव्हता.

त्याचं मूळ नाव ‘इन्पू’ असं काहीसं. ‘अनुबिस’ हा ग्रीकांनी केलेला उच्चार. त्याच्या पदव्या बघा: ‘आपल्या डोंगरावर बसलेला’, म्हणजे कड्यावरून स्मशानावर नजर ठेवणारा. ‘पवित्र भूमीचा धनी’, ही भूमी म्हणजे स्मशानच. ‘देवाच्या मांडवाचा प्रमुख’, आणि हा मांडव म्हणजे जिथं मढ्यावर काम चालायचं तो. मृत्यू देणं, न्याय करणं, यातलं एकही काम त्या पदव्यांत नाही. सगळ्या पदव्या जागेच्या आणि कामाच्या.

एके काळी त्याचा मानही मोठा होता. गिझाचे पिरॅमिड बांधले गेले त्या चौथ्या राजवंशाच्या काळात थडग्यांवर जी दानाची प्रार्थना कोरायचे, ‘राजा आणि अमुक देव यांनी या मृताला भाकरी, बिअर, बैल आणि पाखरं द्यावीत’, त्यात ‘अमुक देव’ म्हणजे अनुबिस. ओसायरिसचा तेव्हा पत्ताही नाही. तो लेखांत दिसू लागतो पाचव्या राजवंशात, आणि मग बघता बघता सगळं व्यापतो. अबायडॉस नावाच्या गावी आणखी एक जुना कोल्हादेव होता, त्याची पदवी ‘पश्चिमेकडच्यांचा म्होरक्या’. पश्चिमेकडचे म्हणजे मेलेले. ती पदवीही ओसायरिसनं घेतली, देऊळही घेतलं. जुन्या वाड्यात नवा मालक यावा आणि जुन्या कारभाऱ्यानं किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तसंच काम करत राहावं, असं अनुबिसचं झालं.

मग नात्यांची जुळवाजुळव सुरू झाली. पुराणकारांचं काम सगळीकडे सारखंच, दोन देव एकत्र आले की नातं लावायचं. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की अनुबिस हा ओसायरिसचाच मुलगा, पण बायकोपासून झालेला नव्हे, मेहुणी नेफ्थिसपासून. नवऱ्याच्या, म्हणजे सेथच्या, भीतीनं नेफ्थिसनं बाळ टाकून दिलं, ओसायरिसची बायको आयसिस हिनं कुत्र्यांच्या मदतीनं शोधून काढलं आणि सवतीचं म्हणून न टाकता सांभाळलं. पुढे ओसायरिसचा खून झाला तेव्हा त्या देहाला गुंडाळून पहिली ममी कुणी केली? याच पोरानं. सिंहासन आयसिसच्या मुलाला, होरसला, मिळालं. याच्या वाट्याला बापाचं प्रेत आलं.

आता मांडवात जाऊ, कारण खरी गंमत तिथंच आहे. गंमत हा शब्द चुकीचा वाटत असेल तर सोडून द्या, मला दुसरा सुचत नाही.

माणूस गेला की पश्चिम काठावरच्या मांडवात न्यायचं, नाईलच्या पाण्यानं धुवायचं. मग कामाची जागा, जिला ‘पर-नेफर’ म्हणत, म्हणजे सुंदर घर. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इजिप्तला गेला होता, त्यानं सविस्तर लिहून ठेवलंय. लाकडी नमुने दाखवायचे, तीन दर. महागडा, मधला, आणि गरिबाचा. महागड्यात नाकपुडीतून लोखंडी आकडा घालून मेंदू काढायचा आणि टाकून द्यायचा, त्याची किंमत शून्य. डाव्या कुशीला धारदार दगडानं चीर द्यायची. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी बाहेर काढायची, वेगळी सुकवायची आणि चार बरण्यांत ठेवायची. हृदय मात्र आतच राहू द्यायचं. विचार, आठवण, खरंखोटं, सगळं हृदयात, ही त्यांची समजूत. त्याचं काम पुढे तराजूपाशी पडणार होतं.

मग नॅट्रॉन. हा खाऱ्या तळ्यांच्या काठी मिळणारा क्षार, सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. त्यात देह साधारण चाळीस दिवस पुरून ठेवायचा. खारवलेल्या मासळीचं तत्त्व तेच, कोकणातल्या मंडळींना जास्त सांगायला नको. नंतर तेलं, राळ, आणि शेकडो मीटर लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, पट्ट्या. एक बोट, मग दुसरं बोट, मग हात. पट्टीपट्टीत ताईत. सगळं मिळून सत्तर दिवस. व्याध तारा वर्षात साधारण सत्तर दिवस सूर्याच्या तेजात हरवतो आणि परत उगवतो. मेलेल्यालाही त्यांनी तेवढीच मुदत दिली.

२०१६ साली कैरोजवळच्या सक्कारा या प्राचीन स्मशानभूमीत रमदान हुसेन या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञाच्या चमूला असा एक कारखानाच जमिनीखाली सापडला, सव्वीसाव्या राजवंशातला, म्हणजे इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातला. तिथल्या भांड्यांवर शाईनं लिहिलेलं होतं. एकावर ‘डोक्याला लावायचं’, दुसऱ्यावर ‘याच्यात पट्टी भिजवायची’, अशा धर्तीचं. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात तसं. एकतीस भांड्यांच्या तळाशी चिकटलेल्याचं रासायनिक पृथक्करण झालं आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले. पिस्त्याच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि देवदाराचं तेल भूमध्य समुद्राकडचं, हे अपेक्षित होतं. पण त्यात आग्नेय आशियाच्या जंगलातली राळ निघाली. एक इजिप्शियन माणूस मेला की त्याच्या डोक्याला लावायला अर्ध्या जगापलीकडचा चीक येत होता. दुसरं म्हणजे ‘अंतियू’ या शब्दाचा अर्थ विद्वान दीडशे वर्षं ‘बोळ’, तो सुगंधी डिंक, असा करत आले. त्या भांड्यात निघालं देवदार आणि जुनिपर-सायप्रसचं तेल, आणि प्राण्यांची चरबी. कोश दुरुस्त करायची वेळ आली. कारखान्यातल्या माणसाला ते आधीपासून माहीत होतं, त्याला कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

आणि या माणसांना मान किती? इथं मला आमचे काका आठवतात. डायोडोरस नावाचा दुसरा ग्रीक लेखक सांगतो की कुशीला चीर देणारा जो माणूस असे, तो काम झाल्याबरोबर पळत सुटायचा आणि जमलेले नातलग त्याच्यामागे दगड मारत, शिव्या देत धावायचे. स्वतःच बोलावलेलं, स्वतःच पैसे दिलेले. पण देहाला जखम केली, तेव्हा दगड मारलाच पाहिजे. पट्ट्या बांधणाऱ्यांना मात्र पुजाऱ्यांच्या बरोबरीनं वागवत, असंही तोच लिहितो. हातच वेगवेगळे, एकाला दगड, दुसऱ्याला मान.

सगळ्यांनाच हे कारखाने परवडत नव्हते. ब्रिटिश म्युझियममध्ये एक मोठी चुनखडीची चीप आहे, दुसऱ्या रामसेसच्या राज्याच्या चाळिसाव्या वर्षाची. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांचं ते हजेरीपत्रक. कोण कधी गैरहजर आणि का, हे लाल-काळ्या शाईत लिहिलंय. एकाला विंचू चावला. एक बिअर गाळत होता. आणि एक जण आईच्या देहाला पट्ट्या गुंडाळत होता. रजेचं कारण म्हणून एवढंच, एका ओळीत. त्या घरात कोल्ह्याचं तोंड लावलेला पुजारी आला असेल की नाही, देव जाणे. हात त्याचेच होते.

याच कामगारांच्या वस्तीत सेन्नेजेम नावाचा एक कारागीर राहायचा. त्याचं स्वतःचं थडगं १८८६ मध्ये सापडलं, रंग असे की काल दिलेत. त्यात अनुबिस पलंगावरच्या ममीवर वाकलाय. दोन्ही तळवे तिच्या अंगाशी. आयुष्यभर राजांसाठी राबलेल्या माणसानं स्वतःच्या भिंतीवर काय काढून घेतलं, तर कामात गढलेला देव.

आता तराजू. मृतांसाठीच्या मंत्रसंग्रहाचे जे पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, सापडतात त्यांतलं हे सगळ्यात गाजलेलं चित्र. हुनेफर नावाच्या कारकुनाचा पपायरस घ्या, इ.स.पू. १२७५ च्या आसपासचा. डावीकडून अनुबिस हुनेफरचा हात धरून त्याला आणतो. मधे मोठा तराजू. एका पारड्यात हुनेफरचं हृदय, दुसऱ्यात एक पीस, मात देवीचं. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी, सगळं मिळून. शेजारी अम्मित बसलीये, तोंड मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. हृदय जड भरलं की तिनं खायचं. खाल्लं की माणूस संपला. नरक नाही, शिक्षा नाही, पुन्हा जन्म नाही. नुसताच नाही.

आणि तराजूखाली परत अनुबिस, या वेळी गुडघ्यावर. काय करतोय? दांडीच्या मध्यावरून एक ओळंबा सोडलाय, गवंडी वापरतात तसा. तो हलू नये म्हणून अनुबिस हातानं धरून स्थिर करतोय. नजर काट्यावर. न्याय देणारे चौदा देव वरच्या रांगेत बसलेत, थॉथ लिहून घेतोय, ओसायरिस पलीकडे मखरात. पण मापात पाप होऊ नये ही जबाबदारी याच्या बोटांवर. मृताला न्यायाच्या दालनातल्या बेचाळीस देवांपुढे जे सांगावं लागे त्यात हेही येतं: मी तराजूच्या ओळंब्याशी खेळलो नाही. मी लेकरांच्या तोंडचं दूध हिरावलं नाही. वाहत्या पाण्याला बांध घालून अडवलं नाही. वाचताना एखाद्या गावच्या पाटाच्या पाळीची भांडणं समोर येतात. पुराण वाटतच नाही.

एक खोच मात्र सांगितली पाहिजे. हे पपायरस पैसे मोजून करून घ्यायचे, आणि पैसे मोजणारा त्यांत नापास होत नसे. कित्येकदा मजकूर आधीच लिहून तयार असायचा, नावाची जागा कोरी. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. अनी नावाच्या लेखनिकाचा जगप्रसिद्ध पपायरस, ब्रिटिश म्युझियमसाठी वॉलिस बजनं १८८८ मध्ये मिळवलेला, तोही बराचसा असाच, नाव मागाहून घातलेलं. शिवाय छातीवर ठेवायचा एक दगडी किडा असे, त्यावर हृदयालाच विनवणी कोरलेली: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, तिथं माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस. म्हणजे एकीकडे काटा एवढा नेमका, आणि दुसरीकडे साक्षीदार फोडायची तजवीज. मला हे लोक या खोचेमुळेच आवडतात.

तुतानखामूनच्या थडग्यात हॉवर्ड कार्टरला १९२२ च्या नोव्हेंबरात वाट मिळाली, ते सगळ्यांना माहीत आहे. दारावरच्या मातीच्या मोहरेत काय होतं? खाली नऊ बांधलेले शत्रू आणि वर बसलेला कोल्हा. स्मशानाच्या रखवालदाराचा शिक्का. आत शवपेटीच्या खोलीला लागून आणखी एक खोली, आणि तिच्या उंबऱ्याशी लाकडी पेटीवर बसलेला अनुबिस, तोंड पश्चिमेला, राजाकडे. लाकूड, वर काळी राळ, कानांच्या आतल्या बाजूला सोनं, नखं चांदीची. पेटीला खांद्यावर घ्यायच्या दांड्या, पालखीसारख्या. आणि अंगावर लिननचं वस्त्र पांघरलेलं. ते उलगडलं तर शाईनं तारीख: तुतानखामूनच्या आधीचा राजा अखनातेन, त्याच्या राज्याचं सातवं वर्ष. म्हणजे देवासाठी नवं कापड विणलेलं नव्हतं, राजवाड्यातला एक जुना सदराच होता, बहुधा वीसएक वर्षांचा. त्याखाली गळ्यात फुलांची माळ, निळी कमळं आणि रानफुलं. तीन हजारांहून जास्त वर्षं अंधारात तो तसाच बसून होता, सदरा घालून. पेटीवर बसलेला कोल्हा हे इजिप्शियन लिपीतलं एक अक्षरच आहे. त्याचा एक अर्थ अनुबिस, दुसरा अर्थ ‘गुपितांचा अधिकारी’. ही ममी करणाऱ्या मुख्य माणसाची पदवी होती.

कुत्र्यांबद्दल सांगायचं टाळणार होतो. पण टाळलं तर तो देव गोजिरवाणा वाटेल. सक्कारामध्ये त्याच्या देवळाजवळ जमिनीखाली लांबच लांब बोगदे आहेत. कार्डिफ विद्यापीठाच्या पॉल निकोलसन यांनी तिथं काम केलं आणि २०१५ मध्ये अंदाज दिला, सुमारे ऐंशी लाख प्राणी, त्यांतले बहुतेक कुत्रे. भाविकानं यावं, देवाला ममी केलेला कुत्रा वाहावा, आपण पेढे वाहतो तसा. मागणी एवढी की पैदास करणं आलं. त्यातली कित्येक पिल्लं जन्मून काही तासांची किंवा काही दिवसांची असताना मेलेली आहेत. आईपासून तोडली की ती आपोआप मरत, वेगळं काही करावं लागत नसे. देवानं मागितलं होतं का? मला नाही वाटत. पण दुकान चालू होतं.

ग्रीक-रोमन लोकांनी त्याची थट्टा केली ती वेगळीच. सॉक्रेटिस ‘इजिप्तच्या त्या कुत्रादेवाची शपथ’ घालायचा. रोमन कवींना भुंकणारा देव म्हणजे रानटीपणाची हद्द वाटायची. तरी इ.स.पू. ४३ मध्ये जीव वाचवायची वेळ आली तेव्हा व्होलुसियस नावाचा रोमन अधिकारी अनुबिसचाच मुखवटा चढवून, ठार मारायच्या माणसांच्या यादीत नाव असताना, भीक मागत रोममधून निसटला. कुत्र्याच्या तोंडाकडे कोण निरखून बघतं? आणि अलेक्झांड्रियात कोम अल-शुकाफाच्या भूमिगत स्मशानात तर तो रोमन शिपायाच्या चिलखतात उभा आहे, कमरेला तलवार. ही जागा १९०० साली सापडली ती एक गाढव खड्ड्यात पडलं म्हणून. सिनेमावाल्यांना भाला घेतलेला अनुबिस कुठून सुचला ते तिथं कळतं. सैनिक झाला तो शेवटी शेवटी, परक्यांच्या राज्यात.

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात आपल्यातल्या पुष्कळांनी ममी पाहिली असेल. पुन्हा गेलात तर चेहऱ्याकडे बघून पुढे सरकू नका. पट्ट्यांकडे बघा. प्रत्येक वेढा कुणाच्या तरी हातानं दिलेला आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं की पुजारी खरंच कोल्ह्याचं तोंड लावायचे का, की ते नुसतं चित्रात. जर्मनीत हिल्डसहाइमच्या संग्रहालयात असा एक मुखवटा आहे. भाजलेल्या मातीचा, वजन साधारण आठ किलो. खांद्यांवर नीट बसावा म्हणून दोन्ही बाजूंना खाचा. कोल्ह्याचे डोळे वर, कपाळाच्या उंचीवर, पण ते रंगवलेले. घालणाऱ्याला दिसायला खाली मानेपाशी दोन भोकं. त्यांतून समोरचं दिसतं, पायाखालचं दिसत नाही.

त्यामुळे तो घालून चालायचं कसं हा प्रश्न होताच. डेंडेराच्या देवळात त्याचं उत्तर कोरलेलं आहे. मिरवणुकीत एक पुजारी हा मुखवटा घालून चाललाय. शिल्पकारानं मुखवटा आरपार दाखवलाय, आतलं माणसाचं डोकं स्पष्ट दिसतं. आणि पायरी चुकू नये म्हणून दुसऱ्या एका पुजाऱ्यानं त्याला धरलंय.